पूजेत ठेवलेली हत्यारं

आमच्या घरात रेडिओ माझ्याही आधीपासून होते. एक नव्हे, कितीतरी. काही बोलणारे, बरेचसे मुके, आणि पोट उघडं टाकून मेजावर पडलेले तर बाराही महिने. अप्पा, म्हणजे माझे वडील, सरकारी कचेरीत कारकून होते, पण तंजावुरात त्यांना कारकून म्हणून कोणी ओळखत नसे. सगळे 'रेडिओ राव' म्हणत. कचेरीतून आले की शर्ट खुंटीला, वेष्टी म्हणजे आमच्याकडचं धोतर गुडघ्याच्या वर, डाव्या हाताला कॉफीचा टंबलर आणि उजव्या हातात सोल्डरिंग आयर्न. वितळत्या राळेचा वास आणि अम्माच्या फोडणीचा वास आमच्या घरात एकमेकांत असे मिसळलेले असायचे की मला लहानपणी वाटे, सांबाराला असाच वास येतो. मी शाळेत जायच्या आधीपासून त्यांच्या मेजाशी उभी असायची. तार धरून दे, स्क्रू हरवू नको, फुंकर मार. भावंड दुसरं कोणी नव्हतं, म्हणून हे सगळं माझ्याच वाट्याला आलं. अम्मा चिडायची, म्हणायची, "मुलीला रांगोळी येत नाही आणि सोल्डर येतो, हिला कोण करून घेणार?" अप्पा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि मला डोळा मारायचे.

आमचं घर पिढ्यान्‌पिढ्या तंजावुरातलं, त्यामुळे आमची मराठी बोलायची होती, वाचायची नव्हती. किराण्याची यादी तमिळमध्ये, देवाची स्तोत्रंसुद्धा तमिळ लिपीत उतरवलेली. ही देवनागरी अक्षरं मी पुण्यात आल्यावर मुलीच्या बालवाडीच्या पुस्तकावरून शिकले. सोसायटीतल्या बायका माझं बोलणं ऐकून अजून हसतात, कुठल्या बखरीतून आलात म्हणून विचारतात. हसू देत. पण हे प्रकरण लिहायला बसले तर ती माणसं मला पुण्याच्या मराठीत बोलताना ऐकूच येईनात, म्हणून त्यांना त्यांच्यासारखंच बोलू दिलं आहे.

कंप्युटर घरी आला तो मेलेलाच आला. मागच्या गल्लीतल्या वकिलांचा मुलगा अमेरिकेला गेला आणि जाताना आपलं मशीन घरात ठेवून गेला. ते एक दिवस बंद पडलं. त्या दिवसांत सगळ्यांच्याच घरची मुलं कुठे ना कुठे निघाली होती, आणि मागे राहिलेल्या घरांत हे पांढरे डबे आले होते, वर भरतकाम केलेलं फडकं घातलेले. दुरुस्त कोण करणार? वकिलांनी विचार केला, राव रेडिओ उघडतात, हाही उघडतील, आणि रिक्षात घालून तो आमच्याकडे पाठवून दिला. अप्पांनी मोठ्या तोऱ्यात स्क्रू काढले. आत पाहिलं. बराच वेळ पाहत राहिले. सोल्डर करायला काही नाही, आपल्या ओळखीचं म्हणता येईल असं काहीच नाही. नुसती हिरवी पाटी आणि चपट्या पट्ट्या. त्यांचा चेहरा इतका उतरलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्यात माझं काही चालायचं नाही गं मंगळा. तूच पाहा."

मी फिजिक्समध्ये बी.एस्सी. होऊन घरी बसले होते. पत्रिका फिरत होती आणि मी सुंडलसाठी, म्हणजे आमच्याकडच्या उसळीसाठी, चणे निवडत होते. तूच पाहा म्हटल्यावर माझ्या अंगात जे काय संचारलं ते आज ह्या वयातही मला नीट सांगता येत नाही. शिकवणारं कोणी नव्हतं. मशीनबरोबर आलेलं एक बारीक अक्षरांचं इंग्रजी पुस्तक होतं, ते मी पोथीसारखं वाचलं. बाकी सगळं चुकत चुकत. वीज देणाऱ्या डब्यातून दोन सारखेच प्लग येतात आणि ते पाटीवर शेजारी शेजारी बसतात. कुठलाही कुठेही बसतो, आणि उलटे बसले तर पाटी जळते. काळ्या तारा मधोमध एकमेकींना लागून आल्या पाहिजेत, एवढं लक्षात ठेवलं की झालं. फ्लॉपीची पट्टी उलटी लागली की तिचा दिवा पेटतो तो विझतच नाही. मेमरीची पट्टी आधी तिरकी घालायची, मग उभी करायची, टक्क वाजलं की बसली. आणि तिचे सोनेरी दात काळे पडले असतील तर शाळेतल्या साध्या खोडरबराने हलकेच घासायचे. वकिलांच्या मशीनला एवढंच झालं होतं. घासलं, बसवलं, बटण दाबलं, आणि त्याने एक बारीकशी शिट्टी दिली. अप्पा मागे उभे होते. ते आत जाऊन अम्माला कॉफी टाकायला सांगून आले.

त्यानंतर एकेक करून गावातले डबे आमच्याकडे येऊ लागले. डॉक्टरांच्या घरचा, बँकेतल्या बाईंचा. कोणाचा बंद पडलेला, कोणाचा चालणारा पण म्हाताऱ्या बैलासारखा. मुलांनी नवीन काहीतरी पाठवलेलं असायचं आणि ते जुन्यात मावत नसायचं. मग मी मेमरी वाढवायची, डिस्क मोठी घालायची, कधी जुन्या डब्यात सगळी पाटीच नवी बसवायची. सुटे भाग चेन्नईहून बसने यायचे, वर्तमानपत्रात गुंडाळून. अम्माही हळूहळू निवळली. "डॉक्टरीणबाई विचारत होत्या, तुमची मंगळा केव्हा येते म्हणून," असं सांगताना तिच्या आवाजात थोडी ऐट असायची.

संध्याकाळी टिफिन झालं की अप्पा झोपाळ्यावर बसत आणि मला समोर बसवत. अडै म्हणजे डाळीची धिरडी आणि लोणी खाऊन झालेलं, रस्त्यावर टाउन बसचे हॉर्न, आणि आत स्टॅबिलायझरची टकटक. "आज काय केलंस सांग." मी सांगायची. ते प्रश्न विचारायचे. पट्टी तिरकी का घालायची, सरळ का नाही? काळी तार काळीशेजारीच का? चिपला हात लावण्याआधी डब्याच्या लोखंडाला हात का लावायचा? मी म्हणायची, "आपल्या अंगात वीज साठते अप्पा, ती आधी लोखंडाला द्यायची. आधी लोखंड, मग चिप. हे विसरायचं नाही." ते मान हलवायचे. "परत सांग बघू. सावकाश सांग." मी परत सांगायची. मशीन शिट्ट्या मारतं त्या लांब किती, आखूड किती, कुठल्या शिट्टीचा अर्थ काय, तेही त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं. ज्यांनी मला सोल्डर धरायला शिकवलं त्यांना मी शिकवत होते. माझ्या आयुष्यात मी इतकी सुखी पुन्हा क्वचितच झाले असेन.

रघू त्याच दिवसांत आमच्याकडे राहायला आला. आत्याचा मुलगा, पापनाशमचा. आत्या विधवा, हा एकुलता, परीक्षा देत होता आणि नापास होत होता. स्वभावाने वाईट नव्हता. केस छान विंचरायचा, अम्माला बाजारातून केळीची पानं आणून द्यायचा, जेवणाला कधी नावं ठेवली नाहीत. माझ्याहून मोठा, पण मी त्याला नुसतं रघू म्हणायची. आमच्यात आत्याच्या मुलाला अण्णा म्हणत नाहीत, आणि का म्हणत नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्याशी लग्न होऊ शकतं. मी त्या गोष्टीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं. मशीन उघडलेलं असलं की तो दारात उभा राहून म्हणायचा, "मला बघूनच चक्कर येते की," आणि निघून जायचा.

मग शाळेचं काम आलं. गावातल्या एका खासगी शाळेने कंप्युटरचा वर्ग काढायचा ठरवला होता आणि परदेशी गेलेल्या माजी विद्यार्थ्यांच्या घरून जुनी मशीनं गोळा केली होती. खोलीभर मशीनं, एकासारखं दुसरं नाही. शाळेचे चालक, त्यांना आमच्याकडे करस्पाँडंट म्हणतात, अप्पांना भेटायला आले आणि अप्पांनी मला पुढे केलं. करस्पाँडंट सर जुन्या वळणाचे, पण सरळ माणूस. आमच्याकडे मुलीलाही मायेने अम्मा म्हणतात, तसं मला म्हणाले, "अम्मा, ही सगळी विजयादशमीला चालली पाहिजेत. त्या दिवशी मुलं पहिलं अक्षर गिरवतात, त्याच दिवशी वर्ग सुरू करायचा. चालली, तर पुढे ही खोली तुझी. तूच सांभाळ, तूच शिकव." ही खोली तुझी. मी सायकलवरून घरी येताना हे शब्द मोठ्याने म्हणत आले. मला नोकरी हवी होती असं म्हटलं तर ते खरं आहे, पण तेवढंच नाही. मला एक दार हवं होतं ज्याच्या आत मी गेले की बाहेरचे लोक म्हणतील, तिला विचारा, तिला कळतं.

नवरात्रभर मी तेथेच होते. घरोघर बाहुल्यांचे गोलू मांडलेले, दररोज वेगळं सुंडल, आणि मी धुळीत मान घालून बसलेली. एकाची मेमरी दुसऱ्याला, दुसऱ्याची डिस्क तिसऱ्याला. संध्याकाळी अप्पा विचारत आणि मी सांगत राही. अष्टमीला शेवटचं मशीन सुरू झालं. सगळे पडदे एकदम उजळले तेव्हा मी खोलीच्या मधोमध उभी राहून हसत होते, एकटीच.

दुसऱ्या दिवशी सरस्वतीपूजा, आयुधपूजा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते, त्या दिवशी पुस्तकं, हत्यारं, वाद्यं, ज्याच्यावर माणूस पोट भरतो ते सगळं देवीपुढे ठेवतात, गंध-कुंकू लावतात, आणि दुसऱ्या दिवशी पुनर्पूजा होईपर्यंत कोणी हात लावत नाही. वाचायचं नाही, लिहायचं नाही, काम करायचं नाही. अप्पा ह्यात फार कडक. लहानपणी एकदा सुंडल बांधून आलेल्या कागदाचा तुकडा मी वाचायला लागले तर त्यांनी तो माझ्या हातातून काढून घेतला होता. आज देवी वाचते आहे, तू नाही, म्हणाले होते. त्या सकाळी मी माझे स्क्रूड्रायव्हर, चिमटा, जास्तीच्या मेमरीच्या पट्ट्या, खोडरबरसुद्धा, सगळं माझ्या पत्र्याच्या पेटीत रचून पूजेत ठेवलं आणि एकेकाला चंदनाचं बोट लावलं. अप्पांचं सोल्डरिंग आयर्न शेजारी. पुरी म्हणजे चुरमुरे, कडलै म्हणजे डाळं, आणि गूळ, असा नैवेद्य.

जेवणं आटोपली आणि शाळेचा वॉचमन सायकलवरून आला. तेथेही पूजा झाली होती. खोली उघडून प्रत्येक मशीनला चंदन फासलं होतं, झेंडूच्या माळा घातल्या होत्या, तीर्थ शिंपडलं होतं, आणि पुरी तर डब्यांवर मूठमूठ टाकली होती. आमच्याकडे बसला, लॉरीला, गिरणीला असंच करतात. लॉरीला त्याने काही होत नाही. पूजेनंतर कोणा उत्साही माणसाने शुभ म्हणून बटणं दाबली. आता मशीनं शिट्ट्या मारत होती, काही उठतच नव्हती, आणि सकाळी पाहुणे यायचे होते. सरांनी मंगळाला बोलावलं म्हणून निरोप होता.

मी उठलेच. अप्पा म्हणाले, "बस खाली. आजच्या दिवशी पूजेतली पेटी उचलणार आहेस की काय?"

"अप्पा, सकाळी वर्ग आहे."

"पहाटे पुनर्पूजा उरकू आणि दोघं जाऊ. मी आहे की." मग वॉचमनला तमिळमध्ये म्हणाले, सरांना सांग, काळजी नको, व्यवस्था करतो.

मी बसले. मला राग आला नाही, हेच आज मला सलतं. मला ते बरोबर वाटलं. देवीपुढची पेटी उचलायची नसते, अप्पा म्हणाले म्हणजे पहाटे होईल. वर त्यांनी अम्माला सांगितलं, तुम्ही दोघी तिरुवैयारुला जाऊन या, मंगळाच्या मावशीकडचं हळदीकुंकवाचं तांबूल राहिलंय. दरवर्षी आम्ही पूजेआधीच्या शुक्रवारी जायचो, पूजेच्या दिवशी कधीच नाही. मी पट्टू पावाडै, म्हणजे रेशमी परकर, घालायचं वय कधीच मागे टाकलेलं, पण साडी नेसले, गजरा माळला, बसमध्ये अम्माला खिडकी दिली. मावशीच्या गोलूपुढे मी एक गाणंही म्हटलं. दिवेलागणीला परत आलो तेव्हा अप्पा झोपाळ्यावर होते. रघू दिसला नाही. "पापनाशमला गेला," म्हणाले.

पहाटे पुनर्पूजा झाली, कापूर झाला, मी पेटी उघडली. चंदन नव्हतं. मी स्वतःच्या बोटाने लावलेलं चंदन एकाही स्क्रूड्रायव्हरवर नव्हतं. चिमटा उलट्या बाजूला, खोडरबरावर काळे ओरखडे, आणि पेटीच्या तळाशी पुरीचे दाणे. "अप्पा, ह्याला कोणी हात लावला?"

"नमस्कार कर आधी," अप्पा म्हणाले. माझ्याकडे न पाहता. अम्मा कॉफी गाळत होती. तिने डोळे वर केले नाहीत.

मी सायकल काढली आणि त्यांची वाट न पाहता शाळेत गेले. खोली उघडी होती. सगळी मशीनं चालू होती. मधल्या खुर्चीवर रघू, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात जाईचा हार. एका उघड्या डब्याशी तो दोन शिक्षकांना काहीतरी दाखवत होता आणि म्हणत होता, "अंगात वीज साठते, ती आधी लोखंडाला द्यायची. आधी लोखंड, मग चिप. हे विसरायचं नाही." माझेच शब्द. मी रघूशी ह्याबद्दल एक अक्षर बोलले नव्हते. ते मी एकाच माणसाला सांगितलं होतं, त्याने सावकाश सांग म्हटलं म्हणून सावकाश, परत सांग म्हटलं म्हणून परत.

करस्पाँडंट सर मला पाहून पुढे आले. त्यांच्या मनात काही खोट नव्हती, त्यांना वाटलं मला सगळं ठाऊक आहे. "ये अम्मा. तुझे अप्पा काल स्वतः रघूला घेऊन आले, स्वतः जवळ बसून करवून घेतलं. त्यांनी सांगितलं, हा होणारा जावई, यापुढे हाच येईल म्हणून. फार आनंद झाला. लग्न केव्हा धरलंय? तैमध्ये का?"

तै म्हणजे पोंगलचा महिना. माझं लग्न ठरल्याचं मला त्या खोलीत, परक्या माणसाच्या तोंडून कळलं. रघू मान खाली घालून हाराशी चाळा करत होता. मी सरांना नमस्कार केला आणि बाहेर आले. सायकलचं कुलूप मला उघडेना.

घरी अप्पा तसेच झोपाळ्यावर. मी ओरडले नाही. म्हटलं, "तुम्ही पूजेतून पेटी उचललीत."

"देवीची क्षमा मागितली."

"आणि माझी?"

अप्पा समजावणीच्या सुरात म्हणाले, "काम कोठे गेलं सांग? घरातच आहे की. तुला कुठल्या घरी देऊ, ते तुला मशीनं उघडू देतील काय? रघू देईल. तो नोकरी करील, अडलं तर तू घरी बसून सांगशील. आत्याची काळजी मिटली, तुझीही मिटली. मी तुझं काढून परक्याला दिलं नाही."

"मला विचारायचं होतं."

"विचारलं असतं तर तू नको म्हटली असतीस," अप्पा म्हणाले. अगदी साध्या आवाजात, जणू काळी तार काळीशेजारीच का येते ते सांगत होते.

केसाने गळा कापला असं लोक बोलतात. मी ते तोपर्यंत नुसतं ऐकलं होतं. शत्रूने लुबाडलं असतं तर मी गल्लीत उभी राहून भांडले असते. हे माझ्या वडिलांनी केलं होतं, माझ्यावर माया असलेल्या वडिलांनी, माझ्या भल्यासाठी, झोपाळ्यावर बसून महिनोन्‌महिने मला गोड प्रश्न विचारून. मी समजत होते त्यांना माझं कौतुक आहे. कौतुक होतंही, तेच तर वाईट. कौतुकाने ऐकत होते आणि ऐकलेलं रघूसाठी साठवत होते. अम्मालाही ठाऊक होतं. मावशीच्या गोलूपुढे मी गात होते तेव्हाही ठाऊक होतं. मी त्याच दिवशी सांगितलं, रघूशी लग्न करणार नाही, आणि ह्या एका बाबतीत माझं कोणी काही करू शकलं नाही. आत्याने आमच्याकडे येणं सोडलं. रघू शाळेतच लागला आणि तेथेच राहायला गेला. डॉक्टरांची, बँकेतल्या बाईंची मशीनंही आता तिकडे जाऊ लागली. पुरुष माणूस घरी येऊन नेतो, सोयीचं पडतं, असं बाई अम्माला म्हणाल्या. माझं मेज रिकामं झालं. पुढे मी चेन्नईला गेले, तेथून पुण्याला, आणि ह्याच कामात केस पांढरे केले. ते सगळं वेगळं आहे आणि त्यात अप्पा नाहीत.

पण जाण्याआधीची एक संध्याकाळ राहिली. कार्तिकाचे दिवस असतील, अम्मा ओसरीवर पणत्या मांडत होती. विजयादशमीच्या त्या सकाळपासून अप्पा आणि मी कामापुरतं बोलत होतो. टिफिन झालं, ते झोपाळ्यावर बसले, मी ताटं उचलत होते. त्यांनी घसा साफ केला. "मंगळा, शाळेतलं एक मशीन रात्री बंद केलं की सकाळी आपली डिस्कच विसरतं म्हणे. तारीखही विसरतं. असं का होत असेल गं?"

आवाज तोच होता. जिव्हाळ्याचा, थोडा उत्सुक. मला उत्तर ठाऊक होतं. पाटीवर नाण्याएवढी एक बॅटरी असते, ती संपते, बदलली की काम झालं. लहान मुलालाही सांगता येईल. मी ताटं हातात घेऊन उभी राहिले आणि त्यांच्याकडे पाहून म्हणाले, "मला ठाऊक नाही, अप्पा."

ते माझ्याकडे पाहत राहिले. मला ठाऊक आहे हे त्यांना कळलं होतं, आणि त्यांना कळलंय हे मला दिसत होतं. झोपाळा थांबला. "बरं," म्हणाले, आणि चष्मा काढून पुसत बसले.

त्यानंतर ते पुष्कळ वर्षं जगले. मी सुट्टीत जायची, आम्ही रक्तदाबाबद्दल बोलायचो, गाडीच्या वेळांबद्दल, माझ्या मुलीच्या शाळेबद्दल. मी काय दुरुस्त करते, कसं करते, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही. मी त्यांना क्षमा केलेली नाही. आणि तरी दिवसभराचं काम संपवून घरी आले की, आज काय केलंस ते सावकाश सांग, असं कोणीतरी म्हणावं असं मला अजून वाटतं, आणि ते त्यांच्याशिवाय दुसऱ्या कोणी म्हटलेलं मला चालत नाही.